मशीनने चेहरा खरंच वर जातो का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझं वय ४७, नाशिकला शाळेत शिकवते. वर्षभरात हनुवटीच्या दोन्ही बाजूंना कातडी लोंबायला लागलीये, फोटोत लगेच दिसतं. डिसेंबरात मुलाचं लग्न आहे म्हणून मावसबहिणीने न्यू जर्सीहून येताना मायक्रोकरंटचं मशीन आणून दिलं, २२ हजार दिले मी. सहा आठवडे झाले. सकाळी केलं की आरशात छान वाटतं, दुपारी शाळेतून आले की परत होतं तसंच. मध्ये जेल संपलं म्हणून खोबरेल तेल लावून केलं तर चटके बसले. गालावर वांग आहे तेही जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. हे म्हणतात पैसे पाण्यात गेले. माझं काही चुकतंय का मशीनच खोटं आहे?

उत्तर : ताई, तेलाचं सोडलं तर तुमचं काही चुकलेलं नाही आणि मशीनही खोटं नाही. सकाळी छान, दुपारी परत तसंच, हे जे तुम्ही लिहिलंय ना, तेच या मशीनचं काम आहे, तेवढंच ते करतं. नियमित केलं तर थोडं जास्त वेळ टिकतं, काहींना जबड्याची रेघ जरा नीट दिसते, आणि बंद केलं की काही आठवड्यांत सगळं मूळपदावर येतं. हे विकत घेताना कुणी सांगितलं असतं तर तुम्ही सहा आठवडे आरशासमोर स्वतःला दोष देत बसला नसता, मला खरा राग त्याचा येतो.

मायक्रोकरंट म्हणजे १ मिलिअँपिअरच्या आतला करंट. १ मिलिअँपिअरचे १००० मायक्रोअँपिअर होतात आणि घरची मशीन काहीशे मायक्रोअँपिअरवर चालतात, म्हणून तर जेल नीट असेल तर काही जाणवतही नाही. फिजिओथेरपीवाले कंबरेला पॅड लावून स्नायू थडथड उडवतात तो करंट याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यामुळे ही चेहऱ्याची जिम आहे, स्नायूंना व्यायाम होतो वगैरे जे सांगतात ते मला पटत नाही, जो स्नायू आकुंचन पावताना दिसत नाही त्याला कसला व्यायाम. लगेच जो फरक दिसतो त्यात बराच वाटा जेलच्या ओलाव्याचा, मशीनचे धातूचे गोळे फिरवून होणाऱ्या मसाजचा आणि सकाळची सूज उतरण्याचा असतो. ती सूज तर तुम्ही नुसत्या उठून कामाला लागलात तरी तास-दोन तासांत उतरते.

जाहिरातीत अजून एक वाक्य हमखास असतं, पेशींमधली ऊर्जा म्हणजे एटीपी ५०० टक्के वाढते. तो आकडा १९८२ सालच्या एका अभ्यासातला आहे, खराच आहे, पण तो उंदरांच्या कातडीच्या तुकड्यांवर प्रयोगशाळेत केलेला होता! तिथून नाशिकच्या ४७ वर्षांच्या बाईच्या जबड्यापर्यंत उडी मारता येत नाही. माणसांवरचे अभ्यास थोडे आहेत, त्यातली माणसंही थोडी. आणि बॉक्सवर एफडीए, म्हणजे अमेरिकेची औषधं आणि उपकरणं तपासणारी सरकारी संस्था, हे नाव लिहिलेलं बघून आपल्याला वाटतं की अमेरिकेने परिणामाची खात्री दिली. न्यूफेससारख्या मशीनना एफडीएचं क्लिअरन्स आहे हे खरं, पण क्लिअरन्स म्हणजे बाजारात आधीपासून असलेल्या तशाच मशीनइतकं हे सुरक्षित आणि चालणारं आहे एवढं मान्य झालं. चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसेल असं त्यात कुणी म्हटलेलं नाही.

आता लोंबणाऱ्या कातडीचं. वय वाढतं तसं गालाखालच्या चरबीच्या गाद्या खाली सरकतात, जबड्याचं हाड थोडं झिजतं, त्वचा घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन नावाचं प्रथिन कमी होतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं, आणि तुम्ही त्या उंबरठ्यावर आहात, म्हणून वर्षभरात एकदम बदल वाटतोय. यातलं काहीच काहीशे मायक्रोअँपिअरने परत जागेवर जात नाही. तुम्ही स्वतःकडे नीट लक्ष दिलं नाही म्हणून हे झालं असं कृपा करून मनात आणू नका, हे सगळ्यांचं होतं.

वांगाचा आणि करंटचा काहीही संबंध नाही. वांग उन्हाने वाढतं, हार्मोननी वाढतं. तुम्ही शाळेत स्कूटीवर जात असाल तर २२ हजारांच्या मशीनपेक्षा रोजचं सनस्क्रीन जास्त काम करेल, आणि पुरेसं लावायचं, दोन बोटांवर पूर्ण लांबीची रेघ ओढाल एवढं चेहऱ्याला आणि गळ्याला, वाटाण्याएवढं नाही. घरात खिडकीजवळ बसून वह्या तपासत असाल तरी लावा, उन्हातले यूव्हीए किरण काचेतून आत येतात. त्वचेच्या डॉक्टरांना एकदा वांग दाखवा, रात्री लावायचं औषध ते देतील, आणि डिसेंबरसाठी ते आत्ताच सुरू करायला हवं कारण त्याला महिने लागतात.

आता वापरायचं कसं ते सांगते, कारण मशीन घरात आलंच आहे. खोबरेल तेल पुन्हा नको. तेलातून करंट जात नाही, मग जिथे गोळा कातडीला थेट टेकतो त्या बारक्या जागेवर सगळा करंट एकवटतो आणि चटका बसतो. पाण्यावर बनलेलं, तेल नसलेलं जेल हवं, आणि थर जाड हवा, चेहरा चकचकीत दिसला पाहिजे. आपल्याकडे एक गोष्ट हमखास होते, डोक्यावर पंखा चालू असतो. एका गालाचं होईपर्यंत दुसऱ्या गालावरचं जेल वाळून पापडी धरतं, मग गोळा अडखळत जातो आणि मुंग्या डसल्यासारखं टोचतं, बायकांना वाटतं मशीन जोरात चाललंय म्हणजे चांगलं काम करतंय. तसं नाहीये. पंखा बंद करा, एका वेळी एकाच बाजूला जेल लावा, शेजारी पाण्याची स्प्रे बाटली ठेवा, वाळायला लागलं की एक फवारा. दोन्ही गोळे एकदम टेकलेले पाहिजेत, हनुवटीपासून कानाकडे सावकाश, पाच मिनिटं पुरे. गळ्याच्या मधोमध जिथे थायरॉइड असतं तिथे नको, डोळ्याच्या बुबुळावर तर नकोच. तोंडात धातूची चव आली किंवा डोळ्यासमोर चमकल्यासारखं झालं तर घाबरू नका, करंट जवळच्या नसांना लागला की होतं तसं, तिथून जरा बाजूला व्हा आणि पॉवर कमी करा. आठवड्यातून पाच दिवस असं दोन महिने करायला सांगतात, मग दोन-तीन दिवस. शाळा, घर, लग्नाची खरेदी यात हे जमणार आहे का हे तुम्हीच ठरवा, नाही जमलं तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आणि खरंच फरक पडतो का हे बघायचं असेल तर मी माझ्या चेहऱ्यावर जे केलं ते करा. मी सहा आठवडे फक्त डाव्या बाजूला वापरलं. दर रविवारी सकाळी त्याच खिडकीत, तोंड न धुता, केस मागे बांधून, न हसता फोटो काढायचे, आणि शेवटी पहिला आणि शेवटचा फोटो, शिवाय मशीन फिरवून लगेच काढलेला एक, बहिणीला दाखवला, कोणती बाजू ते न सांगता. मशीन फिरवून तासाभरात काढलेल्या फोटोत तिने डावी बाजू बरोबर ओळखली. रविवारच्या सकाळच्या फोटोत तिला ओळखता आली नाही. तेव्हापासून मी मशीन फक्त कार्यक्रमाच्या दिवशी बाहेर काढते. तुमची त्वचा वेगळी आहे, तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, पण ते तुमच्या फोटोतून येऊ दे, कंपनीच्या फोटोतून नको. त्यांच्या आधीच्या फोटोत उजेड वरून असतो, मान खाली असते, नंतरच्या फोटोत उजेड समोरून येतो, एकदा बघा लक्ष देऊन.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, माझं मशीन बघून त्यांनाही हौस वाटतेय. त्यांना पेसमेकर बसवलाय. अगदी कमी पॉवरवर चालेल का? — सोलापूर

उत्तर : नाही. कमी पॉवरवरही नाही, एकदाही नाही. शरीरात पेसमेकर किंवा तसं कुठलंही विजेवर चालणारं यंत्र असेल, फिट्स येत असतील, दिवस गेलेले असतील, कॅन्सरचे उपचार चालू असतील तर हे मशीन हातात घेऊ नये. चेहऱ्यावर हल्ली शस्त्रक्रिया झालीये, बोटॉक्स किंवा फिलर घेतलंय, तर ज्यांनी केलं त्यांना विचारल्याशिवाय नाही. सासूबाईंची हौस मोडू नका हो, रात्री चांगल्या मॉइश्चरायझरने तुम्ही स्वतः त्यांच्या चेहऱ्याला हलक्या हाताने दहा मिनिटं मसाज करून द्या, सकाळची सूज त्यानेही उतरते.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. आत्तापासून मायक्रोकरंट सुरू केलं तर पुढे सुरकुत्या येणारच नाहीत ना? ईएमआयवर घेतेय. — ठाणे

उत्तर : येतील. करंटने सुरकुत्या अडतात असं दाखवणारा एकही भरवशाचा पुरावा माझ्या बघण्यात नाही, आणि या वयात कर्ज काढून तर अजिबात घेऊ नकोस. ऑर्डर केलं असशील तर पॅकेट फोडायच्या आधी रिटर्नचे नियम वाच, चेहऱ्याला लावायची मशीन सील तुटल्यावर बरेच विक्रेते परत घेत नाहीत. सनस्क्रीन लावायला लाग आणि सिगारेट ओढत असशील तर ती सोड.