फवारणीच्या दिवसांआधी

प्रिय सिस्टर,

अनेक आशीर्वाद. तुझ्याकडे वॉर्डाचा चार्ज आल्याचे कळले आणि समाधान वाटले. पोळ्याच्या सुमारास कपाशीवरची फवारणी जोर धरेल, त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावे म्हणून घाईने लिहिते आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे तुला ठाऊक आहेच.

माझी एक चूक सांगते. तीस खाटांच्या एका ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एकाच शेतातले तीन मजूर आले. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि कपड्यांना औषधाचा उग्र वास. (आपल्याकडे विषालाही औषधच म्हणतात.) शीर सापडेना म्हणून सलाइन लावायला मीच बसले, कारण वॉर्डात माझाच हात सर्वांत चांगला असा माझा समज होता, आणि तो खोटाही नव्हता. परंतु मी एका खाटेवर वाकलेली असताना दुसऱ्याच्या अंगावर भिजलेले कपडे तसेच राहिले आणि तिसऱ्याला अ‍ॅट्रोपिनचा (या विषावरच्या उताऱ्याचा) कितवा डोस गेला, हे कोणालाच सांगता येईना. तिघे वाचले, ते त्यांच्या नशिबाने.

तेव्हा अशा वेळी तू खाटेच्या पायथ्याशी उभी राहा आणि हात मोकळे ठेव. ‘कोणीतरी सक्शन (तोंडातला फेस ओढून घेणारे यंत्र) आणा’ म्हटले की कोणीच हलत नाही; नाव घेऊन काम सांग, आणि ऐकणारीने ते उलट म्हणून दाखवावे असा शिरस्ता पाड. एकीने फक्त वेळ व डोस लिहावा. मावशींनी हातमोजे घालून रुग्णाचे कपडे उतरवावेत व अंग साबणाने धुवावे. नातेवाइकांपैकी एकाला औषधाची बाटली आणायला शेतावर पिटाळावे, म्हणजे डॉक्टरांना नेमके विष कळते.

हा सराव रात्रपाळीच्या हँडओव्हरला दहा मिनिटे घे, आणि त्यात पुढारपण सर्वांत नव्या सिस्टरकडे देऊन तू गप्प राहा. हे गप्प राहणे मला फार जड गेले. पण खरा प्रसंग बहुधा तुझ्या सुट्टीच्या दिवशीच येणार आहे.

साठ्याचा हिशेबही सगळ्यांना तोंडपाठ हवा. अ‍ॅट्रोपिनच्या एका अँप्युलमध्ये (इंजेक्शनच्या छोट्या कुपीत) ०.६ मिलिग्रॅम असते. डॉक्टरांनी ३ मिलिग्रॅमने सुरुवात करून दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट केला, तर आधी पाच, मग दहा, मग वीस, म्हणजे दहाव्या मिनिटाला एकाच रुग्णाला पस्तीस अँप्युल लागतात. ट्रॉलीत किती आहेत, ते आजच मोजून घे.

आणि कपाटाची किल्ली. मी ती कमरेला खोचून घरी नेत असे, जबाबदारी म्हणून. तू ती ड्यूटीवरच्या सिस्टरच्या ताब्यात दे आणि हँडओव्हरच्या वहीत तिची सही घे.

तुझी,
जुनी मेट्रन