सोसायटीच्या आनंदमेळ्यासाठी आपल्याच ‘नोटा’ छापल्या तर चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गणेशोत्सवातल्या आनंदमेळ्यात रोख पैशांऐवजी सोसायटीच्या स्वतःच्या नोटा चालवायच्या, डिझाइन पन्नासच्या नोटेसारखं ठेवायचं, गांधीजींच्या जागी बाप्पा. हे कायद्यात बसतं का, आणि पूर्वी असे खाजगी पैसे कुणी काढत होतं का?

जरूर छापा, फक्त पन्नासच्या नोटेसारख्या नकोत. मी बावीस वर्षं जुनी नाणी आणि नोटा जमवतोय, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आधी कायदा. बनावट नोट छापली तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण भारतीय न्याय संहितेत १८२ वं कलमही आहे. नोटेसारखा दिसणारा कागद कुठल्याही कारणासाठी बनवला, वापरला किंवा कुणाला दिला, तर ३०० रुपयांपर्यंत दंड. जुन्या दंडसंहितेत हेच ४८९-ई होतं आणि दंड १०० रुपये होता. रक्कम लहान आहे, पण उत्सवाच्या दिवसात कार्यकर्त्यांना पोलीस ठाण्याच्या खेपा कशाला? दुसरं, रिझर्व्ह बँक कायद्याचं ३१ वं कलम. ‘हा कागद आणून देईल त्याला मागताक्षणी इतके रुपये देऊ’ असं वचन छापायचा अधिकार रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकारचा आहे. तेव्हा तुमच्या कागदावर ‘धारकास ५० रुपये’ हे शब्द चुकूनही येऊ देऊ नका.

कोणी म्हणेल, मग ती शून्य रुपयाची नोट कशी चालते? चेन्नईच्या फिफ्थ पिलर या संस्थेने २००७ साली ती छापायला घेतली. दिसायला थेट पन्नासच्या नोटेसारखी, आणि वचन असं की मी लाच घेणार नाही, देणार नाही. सरकारी कचेरीत कुणी हात पुढे केला की त्याच्या हातावर ही ठेवायची. कल्पना मूळ अमेरिकेत शिकवणाऱ्या एका भारतीय प्राध्यापकाची. मला ती फार आवडते, कारण सामान्य माणसाला तोंडाने जे बोलायचं धाडस होत नाही, ते तो कागद बोलतो. तिची किंमतच शून्य, त्यामुळे ती घेऊन कुणी फसत नाही. तुमच्या नोटेवर मात्र ५० चा आकडा असणार आहे. फरक तिथे आहे.

नोटेच्या रूपाचा असा वापर दोनशे वर्षांपूर्वीही झालाय. त्या काळात इंग्लंडमध्ये एक पौंडाच्या नोटा इतक्या साध्या होत्या की नक्कल सहज व्हायची, आणि नकली नोट खपवली म्हणून गोरगरीब, बायकासुद्धा, फासावर जात. १८१९ साली जॉर्ज क्रुकशँक या चित्रकाराने एक नोट काढली. तिच्यावर ओळीने लटकलेली माणसं, पौंडाचं चिन्ह फासाच्या दोराचं आणि सही जल्लादाची. ती विकत घ्यायला दुकानापुढे गर्दी लोटली होती. नोट सोपी छापायची बँकेने आणि जीव द्यायचा गरिबाने, हा अन्याय एका कागदात इतका नेमका मांडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आणि बॉग्ज. जे. एस. जी. बॉग्ज हा अमेरिकन चित्रकार नोटा हाताने काढायचा, एकाच बाजूने. १९८४ साली शिकागोच्या एका साध्या खाणावळीत तो कागदी रुमालावर डॉलर काढत बसला होता. वाढणाऱ्या बाईंना चित्र इतकं आवडलं की ९० सेंटच्या बिलापोटी त्यांनी तेच घेतलं आणि वर १० सेंट सुटे परत दिले! पुढे तो हेच करत राहिला. दुकानदाराला स्पष्ट सांगायचा की हे मी काढलेलं चित्र आहे, यावर लिहिलेल्या किमतीला घेता का? कुणी घेतलं की पावती आणि सुटे पैसे जपून ठेवायचा आणि नंतर ते संग्राहकांना विकायचा. मग संग्राहकाने त्या दुकानदाराला गाठून चित्र मिळवायचं. लंडनमध्ये त्याच्यावर खटला झाला आणि १९८७ साली ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. अमेरिकेत १९९२ मध्ये नकली नोटांचा तपास करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने त्याची शेकडो चित्रं उचलून नेली, ती त्याला परत मिळाली नाहीत. २०१७ मध्ये तो गेला. त्याने एकालाही फसवलं नव्हतं, म्हणून त्या जप्तीचं मला आजही वाईट वाटतं.

आता खाजगी पैसे. आपल्याकडे ते होते, आणि ते आपल्या भाषेत अजून आहेत. पेशवाईत टांकसाळ चालवायचा परवाना सोनार-सराफांना दिला जाई आणि त्याबद्दल सरकार आपला हिस्सा घेई. ठिकठिकाणचे रुपये वेगळे, चांदीचा कस वेगळा. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी चालवायचा तर त्यातून बट्टा कापला जाई. ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो तो हाच. पोतदार, पारखी, सराफ ही आडनावं याच व्यवहारातली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९९ च्या सुमारास मराठेशाहीतल्या चलनांवर आणि टांकसाळींवर एक निबंध लिहिला. या विषयात शिरायचं असेल तर तिथून सुरुवात करा.

माझ्याकडे पुण्याचा एक अंकुशी रुपया आहे. जाड, बोटाला वजन जाणवतं. ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्यामुळे अक्षरं कडेला तुटलेली. लिपी फारसी, नाव दिल्लीच्या शाह आलमचं, आणि मराठ्यांची खूण म्हणजे तो छोटासा अंकुश. कडेला भिंग धरलं की बारीक टोचे दिसतात. कुणा सराफाने चांदी खरी आहे ना हे बघायला मारलेले. नाणं बादशहाच्या नावाचं असलं तरी लोकांचा भरवसा त्या टोच्यावर होता.

खाजगी पैशात खरा प्रश्न हाच असतो, की परत कोण घेणार? लहानपणी आमच्या चौकातल्या एका दुकानात सुट्टे नसले की सही केलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी मिळायची. आईने डाळीच्या डब्यात अशा सतरा रुपयांच्या चिठ्ठ्या साठवल्या होत्या. एका दिवाळीनंतर ते दुकान उघडलंच नाही. त्या चिठ्ठ्या मी अजून टाकलेल्या नाहीत.

म्हणून तुम्ही असं करा. आकार नोटेपेक्षा मोठा किंवा चक्क चौरस ठेवा, छपाई एकाच बाजूला, रंग भडक. गांधीजी, अशोकस्तंभ, ₹ हे चिन्ह काही नको. ‘कूपन’ हा शब्द ठळक, तारीख, आणि ‘फक्त खाऊच्या स्टॉलवर’. मागे फ्लॅट नंबर लिहून घ्या, म्हणजे उरलेली कूपनं ज्याची त्यालाच परत करता येतील. त्या परतीसाठी मेळा संपल्यावर अर्धा तास एक टेबल लावून कुणीतरी बसाच. बाप्पा मात्र सोसायटीतल्या एखाद्या मुलाकडून काढून घ्या. आणि वापरलेलं एक कूपन मला पाठवलंत तर अंकुशी रुपयाच्याच अल्बममध्ये लावेन.