बॅनरवर माझा हात नको

"मुलीला लोकांसमोर न्यावं की घरातच जपावं?" माझ्याकडे समुपदेशनाला येणारे भाजलेल्या मुलांचे आईवडील पहिल्याच भेटीत हे विचारतात. गोव्यातल्या फोंड्याकडच्या एका जोडप्याचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

मुलगी सात वर्षांची. दीड वर्षापूर्वी सकाळच्या पेजेचं टोप तिच्यावर उपडं झालं. पेज ओघळून जात नाही, अंगाला चिकटते. उजवा हात खोलवर भाजला. त्वचारोपण झालं. व्रण जाड होऊ नयेत म्हणून दिवसातले जवळजवळ 23 तास प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा, शिवाय रोज मालीश आणि हात ताणण्याचा व्यायाम. कपडा काही महिन्यांत सैल पडतो, मूल वाढलं की तोकडाही होतो, मग नवा शिवायचा. हा खर्च कित्येकांना झेपत नाही हे वॉर्डात पाहिलेल्या वडिलांनी इतर पालकांना जमवून पैसे उभे करायला मिरामार ते दोना पावला अशी दौड ठरवली. बॅनरवर मुलीचा फोटो घालायचा त्यांचा आग्रह होता. "लोक हळहळले तरच पैसे देतात." आईला ते मुळीच मान्य नव्हतं.

मी मुलीशी एकटीशी बोलले. व्यायाम कोण घेतं, विचारलं.

"आई. मी रडायला लागले की बाबा बूट घालून पळायला जातात."

पुढे हळूच म्हणाली, "मी मस्ती केली म्हणून भाजलं ना?"

वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. टोप ओट्याच्या कडेला त्यांनीच ठेवलं होतं. दीड वर्षात घरात कोणी तो विषय काढला नव्हता, आणि एकाच टोपाचा दोष बापलेक दोघंही आपापल्या मनात वाहत होती. लहान मुलं असा दोष स्वतःकडे घेतात, म्हणून 'तुझी चूक नव्हती' हे मोठ्यांनी तोंडानं सांगावं लागतं, एकदा नाही, अनेकदा. पळणं थांबवा असं मी म्हटलं नाही. त्यानंच त्यांना सावरलं होतं. फक्त संध्याकाळचं मालीश त्यांच्याकडे दिलं. पहिले काही दिवस ते मधेच उठून बाल्कावावर, दारापुढच्या ओसरीवर, जाऊन रडायचे. मग परत यायचे.

फोटोबद्दल माझं मत ठाम आहे: दया मागणारा फोटो मुलाच्या मागे वर्षानुवर्षं राहतो. तरी मुलीलाच विचारलं. "बॅनरवर माझा हात नको. मी पाणी देणार."

रोपण केलेल्या त्वचेला घाम नीट येत नाही, ऊनही सोसत नाही, म्हणून पाण्याचं टेबल झाडाखाली मांडलं. कोणी "काय झालं?" विचारलं तर काय सांगायचं, ते घरी आईबाबांसोबत पाठ केलं: "पेजेनं भाजलं होतं. आता दुखत नाही. पाणी हवं?" थोडक्यात सांगायचं, समोरच्याची काळजी मिटवायची, विषय बदलायचा.

दौडीच्या सकाळी तिनं हे दोनतीनदा नीट सांगितलं. मग एक बाई थांबून म्हणाल्या, "अरेरे, बिचारी!" मुलीनं आईकडे पाहिलं, आणि काही न बोलता ग्लास पुढे केला.

पुढच्या भेटीत आल्या आल्या तिनं विचारलं, "बिचारी म्हटलं तर काय सांगायचं?"

त्या उत्तरावर आमचं काम चालू आहे. आता बाबाही सोबत बसतात.