कोल्हापुरात सुझुकी कॅपुचिनोसारखी छोटी जपानी ओपन गाडी आयात करून वापरता येईल का?

कॅपुचिनो मनातून काढा. तीन वर्षांपेक्षा जुनी सेकंडहँड गाडी आयात करता येत नाही आणि कॅपुचिनो 1998 सालीच बंद झाली. होंडा बीटचंही तेच. उरते दायहात्सू कोपेन: 658 सीसी टर्बो, बटणावर घडी होणारं कडक छप्पर. ड्युटी धरून किंमत दुपटीच्या पुढे जाते, तरी जमत असेल तर जरूर घ्या, चालवायला फार गोड गाडी आहे. फक्त ऊस हंगामात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे जपून, इतकी बुटकी गाडी कुणाला दिसत नाही. बुश, ब्रॅकेट उद्यमनगरात टर्नरकडून करून मिळतील. छपराची रबरं मात्र जपानमधूनच मागवावी लागतात. गगनबावड्याच्या पावसात पाणी आधी तिथूनच आत येतं, म्हणून एक जादा सेट गाडीबरोबरच मागवा.