हाताला मुंग्या, डोकेदुखी, चक्कर… मेंदूचे-नसांचे आजार ओळखायचे कसे, आणि सरळ एमआरआय करून टाकू का?

तुम्ही लिहिलंय की दोन महिने झाले उजव्या हाताला मुंग्या येतात, अधूनमधून डोकं दुखतं, एकदा पहाटे कूस बदलताना सगळं गरगरलं, आणि नेटवर वाचून वाचून आता ट्यूमरपासून पार्किन्सनपर्यंत सगळं आपल्यालाच झालंय असं वाटायला लागलंय. तर हे ओळखायचं कसं आणि एकदाचा एमआरआय करून मोकळं व्हावं का, हा प्रश्न.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) आणि एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) करणारा टेक्निशियन आहे, म्हणजे डोक्याला वायरी चिकटवणारा आणि हातापायांना बारीक शॉक देणारा तो माणूस. वायरी लावायला वेळ लागतो, तेवढ्यात पेशंट बोलत असतो, आणि चौदा वर्षं ही बोलणी ऐकून आणि नंतर डॉक्टरांचं निदान वाचून एक गोष्ट डोक्यात बसलीय. न्यूरोवाले डॉक्टर "काय होतंय" याच्या आधी "कधी सुरू झालं आणि किती वेळात वाढलं" हे विचारतात, आणि निम्मं निदान तिथेच होतं. सेकंदात आलं की लकवा (मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होणं किंवा फुटणं) किंवा फिट, काही मिनिटांत हळूहळू पसरत गेलं की बहुतेक मायग्रेन, दिवसादिवसाने वाढलं की इन्फेक्शन किंवा नसांची सूज, आणि महिने-वर्षं लागली की पार्किन्सन, विसरभोळेपणा, शुगरमुळे खराब झालेल्या नसा, गाठ वगैरे. अपवाद असतात, पण सुरुवात इथून करा.

लकव्याबद्दल जरा जास्त लिहितो कारण तिथे घड्याळ चालू असतं. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात उचलला जात नाही, बोलणं अडखळलं, हे तिन्ही लोकांना माहीत असतं. पण एकदम एका बाजूचं दिसेनासं होणं किंवा उभं राहता न येणं हेसुद्धा त्यातच येतं, ते लक्षातून सुटतं. आणि बऱ्याचदा यात दुखत काहीच नाही! दुखलं असतं तर माणूस पळत गेला असता. दुखत नाही म्हणून तो म्हणतो जरा पडतो, आणि त्या पडण्यात दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी जातात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणजे सकाळी उठल्यावर कळलं तर रात्री झोपला तेव्हापासून. (म्हणून घरीच बसायचं असं नाही हं, खास स्कॅन बघून काही जणांना नंतरही उपचार मिळतो, आणि मोठी गुठळी तारेने ओढून काढायची असेल तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत करतात.) घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी केल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही आणि रक्तस्राव असेल तर ती गोळी उलटी पडते. पाणीही पाजू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

आता माझी लाज सांगतो. माझ्या मामांचा फोन आला होता, म्हणाले हात लुळा पडल्यासारखा झाला होता, वीस मिनिटांत बरा झाला, आता एकदम ठीक आहे. मी या लाइनमध्ये असून म्हणालो, मग ठीक आहे, सोमवारी दाखवू. तिसऱ्या दिवशी खरा लकवा आला. असा येऊन गेलेला छोटा झटका म्हणजे मोठ्याची आगाऊ सूचना असते, आणि पुढचे काही दिवसच सगळ्यात धोक्याचे. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, बरं वाटत असलं तरी. मामा आता काठी घेऊन चालतात, मला कधी बोलले नाहीत, पण मला ते आठवत राहतं.

तोंड वाकडं होण्याचं आणखी एक कारण म्हणजे चेहऱ्याच्या नसेची सूज. त्यात त्या बाजूच्या कपाळावरही आठ्या पडत नाहीत आणि डोळा मिटत नाही, लकव्यात कपाळ बहुतेक वेळा शाबूत राहतं. पण हा फरक घरी आरशासमोर करत बसू नका. तसंही नसेच्या सुजेला स्टेरॉइड पहिल्या तीन दिवसांत सुरू केलं तर फायदा जास्त, म्हणजे दोन्हीत घाई आहेच.

फिट हा माझा रोजचा विषय. समोर कुणाला आली तर आजूबाजूचं टोकदार सामान सरकवा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा-बोट-पाणी काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या वर चालली किंवा मध्ये शुद्ध न येता दुसरी आली की लगेच अ‍ॅम्ब्युलन्स. आणि कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढा, लोकांना हे विचित्र वाटतं पण त्या एका मिनिटाच्या व्हिडिओची किंमत माझ्या अर्ध्या तासाच्या ईईजीपेक्षा जास्त आहे आणि हे मी माझ्याच धंद्याबद्दल बोलतोय. डोळे उघडे होते की मिटलेले, मान कुठे वळली, आधी कुठला हात उडाला, हे सगळं त्यात दिसतं. फिट येणाऱ्या बऱ्याच लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो कारण नेमक्या त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असतो, म्हणून "रिपोर्ट नॉर्मल म्हणजे फिट नाही" असं नसतं. उलटंही असतं, बराच वेळ उभं राहून डोळ्यापुढे अंधारी आली, पडला, दोन-चार झटके आले आणि अर्ध्या मिनिटात ओळखीचं बोलायला लागला, तर ती बहुतेक साधी भोवळ. फिटनंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला असतो, जीभ कडेला चावली जाते. लहान मुलांमध्ये तर झटकेच नसतात कधीकधी, नुसतं पाच-दहा सेकंद शून्यात बघणं, दिवसातून पुष्कळ वेळा, आणि शाळेत सगळे म्हणतात लक्ष नाही. औषधांचं म्हणाल तर दहातल्या साधारण सात जणांच्या फिट गोळ्यांनी थांबतात, अट एकच की गोळी चुकवायची नाही आणि बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. मुलीला किंवा बाईला फिटची गोळी चालू असेल तर मूल होऊ द्यायच्या विचाराआधीच डॉक्टरांशी बोला, व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं बाळाला बाधतात.

डोकेदुखी. मायग्रेनला आपण अर्धशिशी म्हणतो पण सगळ्यांचं अर्धंच डोकं दुखतं असं नाही. ठणकतं, मळमळतं, उजेड-आवाज नको होतो, जिना चढला तरी वाढतं, आणि औषध न घेता चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहतं. काहींना आधी डोळ्यापुढे चकाकणाऱ्या नागमोडी रेघा दिसतात. पुष्कळ लोक वर्षानुवर्षं याला सायनस नाहीतर चष्म्याचा नंबर समजतात. मी स्वतः समजत होतो आणि रोज एक पेनकिलर, मग दोन, असं चाललं होतं. मग कळलं की महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस पेनकिलर घेतली (आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान म्हणजे मायग्रेनच्या खास गोळ्या असतील तर दहाच दिवस) आणि असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर ती गोळीच डोकेदुखी तयार करायला लागते. बंद केल्यावर पहिले दहा-बारा दिवस भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं, नंतर सुटलं. वारंवार होत असेल तर अटॅक येऊच नये म्हणून रोजची वेगळी औषधं असतात, आणि इथे नेट घात करतं. प्रोप्रॅनोलॉल शोधलं की बीपीची गोळी दिसते, टोपिरामेट फिटची, अ‍ॅमिट्रिप्टिलिन डिप्रेशनची. मग पेशंट म्हणतो मला ना बीपी ना फिट ना डिप्रेशन, डॉक्टरने काहीतरी चुकीचं दिलं, आणि बंद करतो. नाही हो, ती मायग्रेनवरही चालतात, फक्त गुण यायला काही आठवडे लागतात.

घाबरायची डोकेदुखी वेगळी: क्षणात कळसाला गेलेली, आयुष्यात कधी एवढं दुखलं नाही अशी, तापाबरोबर मान आखडलेली, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, जिच्याबरोबर हात-पाय, दृष्टी किंवा वागणं बदललं अशी, किंवा आठवड्याआठवड्याने वाढतच चाललेली. यातलं काही असेल तर हे उत्तर वाचत बसू नका.

तुमची कूस बदलतानाची चक्कर मला तरी ऐकून कानाची वाटते. आतल्या कानात बारीक खडे असतात, ते जागेवरून सुटून नळीत गेले की डोकं हलवल्यावर काही सेकंद सगळं फिरतं, साधारण मिनिटाच्या आत थांबतं. डॉक्टर तपासणीच्या टेबलावर डोकं ठरावीक दिशेने वळवून ते खडे परत जागेवर नेतात, पाच-दहा मिनिटांचं काम, कित्येकांना एकाच वेळी बरं वाटतं. चक्करच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊन खडे हलत नाहीत. पण चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, चालताच येईना, तर वर लकव्याचं लिहिलंय ते लागू.

आणि मुंग्या. हे माझं खातं. कुठल्या बोटांना येतात ते नीट बघा. अंगठा, त्याच्या शेजारची दोन आणि अनामिकेची अर्धी बाजू, रात्री त्यामुळे जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, असं असेल तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता भरपूर. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून बऱ्याच जणांचं भागतं, अंगठ्याचा उंचवटा सपाट व्हायला लागला किंवा वस्तू हातातून पडायला लागल्या तर मात्र थांबू नका. करंगळीकडे असेल तर कोपराकडे बघायचं. दोन्ही पायांच्या तळव्यांपासून सुरू होऊन मोज्यासारखं वर चढत गेलं तर शुगर, बी१२, थायरॉइड तपासा, दारू किती होते ते खरं सांगा, आणि शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर तेही सांगा, त्याने बी१२ कमी होऊ शकतं. फक्त मुंग्या नाही तर पायांतली ताकदच दोन-चार दिवसांत खालून वर जात चालली असेल तर ती इमर्जन्सी, श्वासाच्या स्नायूंपर्यंत जाऊ शकते, वेळेत गेलं तर उपचार आहेत.

पार्किन्सनची भीती तुम्ही सोडून द्या, त्याचा कंप हात मांडीवर स्वस्थ असताना असतो, कप उचलताना हात थरथरणं हे बहुतेक वेळा वेगळंच आणि बरंच सौम्य प्रकरण असतं. पार्किन्सनची खरी खूण म्हणजे मंदपणा, अक्षर बारीक होत जाणं, चालताना एक हात न हलणं. विसरण्याचंही तसंच, चावी कुठे ठेवली हे विसरणं चालतं, चावी कशासाठी असते हे विसरलं तर दाखवा, आणि बी१२, थायरॉइड आधी तपासा कारण तो विसरभोळेपणा सुधारू शकतो.

एमआरआय स्वतःहून करू नका. मेंदूत छोटे पांढरे ठिपके, मानेत सरकलेली चकती, हे काहीच त्रास नसलेल्या पुष्कळ लोकांत सापडतं, वयाबरोबर तर सापडतंच, आणि मग तुम्ही त्या ठिपक्यांवर वाचत बसाल. आधी साध्या फिजिशियनकडे जा, कागदावर लिहून न्या की काय, कधी सुरू झालं, किती वेळ टिकतं, कशाने वाढतं, कुठली बोटं, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. त्यांना वाटलं तर ते शुगर, बी१२, थायरॉइड लिहून देतील, कदाचित एनसीव्ही.

एनसीव्हीला जाल तेव्हा हाताला क्रीम लावून जाऊ नका, अंगठ्या घरी काढून ठेवा, शॉक झिणझिण्या येण्याइतकाच असतो. आणि कधी ईईजीची वेळ आलीच तर आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल अजिबात लावू नका, वायरी चिकटत नाहीत आणि मग अर्ध्या तासाचं काम दीड तास चालतं.