आईला पेसमेकर आहे, रेडिएशन देता येईल का?

हो, देता येतं, पेसमेकर आहे म्हणून कॅन्सरचा इलाज थांबवू नका प्लीज. तुम्ही लिहिलंय की आईचा पेसमेकर डाव्या बाजूला आहे आणि गाठ पण डाव्याच स्तनात, म्हणून काळजी जरा जास्त घ्यावी लागेल एवढंच. नागपुरात बऱ्याचदा हार्टचे डॉक्टर धंतोली-रामदासपेठेत आणि रेडिएशन मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेज), तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला नाहीतर जामठ्याच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटला असं असतं, तर या दोघांचं आपसात बोलणं तुम्हीच घडवून आणा, आणि पेसमेकर बसवताना मिळालेलं कार्ड पहिल्याच दिवशी दाखवा.

पेसमेकरचं मशीन थेट किरणांच्या खाली यायला नको हे मुख्य. त्याच्यापर्यंत एकूण डोस किती जाणार ते फिजिसिस्ट (रेडिएशनच्या डोसचा हिशोब करणारे तज्ज्ञ) आधीच काढतात, 2 ग्रेच्या (ग्रे म्हणजे डोस मोजायचं माप) आत असला तर बरं, 5 च्या वर जात असेल तर प्लॅन बदलायचा किंवा क्वचित मशीनची जागाच बदलावी लागते. दुसरं म्हणजे 10 एमव्हीच्या (एमव्ही म्हणजे किरणांची ताकद सांगणारं माप) वरची एनर्जी टाळायला सांगा, त्यात न्यूट्रॉन तयार होतात आणि त्याने आतलं सर्किट रीसेट होऊ शकतं, बहुतेक वेळा 6 एमव्हीवर काम भागतं. वरून शिशाचं कव्हर ठेवून फार फायदा नाही हो, शरीराच्या आतून विखुरलेलं रेडिएशन त्याने अडत नाही.

आईचे ठोके पूर्णपणे पेसमेकरवरच चालतात का, हे कार्डिओलॉजिस्टला नक्की विचारा, तसं असेल तर पेसमेकरचं जास्त वेळा चेकिंग लागतं. रेडिएशनच्या सुरुवातीला आणि शेवटी तर करायचंच. मधेच चक्कर आली, दम लागला तर लगेच सांगा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.