डिस्चार्ज व्हाउचरवर सही करण्याआधी
भावा, अपघाताची भरपाई देताना विमा कंपनी ‘पैसे मिळाले, दावा मिटला’ म्हणून ज्या कागदावर सही घेते, तो हा डिस्चार्ज व्हाउचर. तुझ्या पायातला रॉड अजून निघालेला नाही, मग सहीची घाई कशाला? माझ्यापुढेही असाच कागद ठेवला होता: मजकूर कन्नडमध्ये, खाली रेव्हेन्यू स्टॅम्प, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली. बेळगावात ओळखीच्या माणसाकडून शब्दन् शब्द वाचून घेतला, तेव्हा ‘पूर्ण व अंतिम’ सापडलं. म्हणजे रॉड काढायचा खर्च, बुडणारा उसाचा हंगाम, सगळं त्यातच मिटलं असतं. आधी डॉक्टरांकडून अपंगत्वाचा दाखला घे, पुढच्या ऑपरेशनचा अंदाजे खर्च लेखी माग. लोकअदालतीतली तडजोड वाईट नाही, प्रकरण लवकर मिटतं. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून आकडा आधीच वकिलांशी बसून ठरव. कोऱ्या कागदावर तर सही अजिबात नको. आणि जिथं सही करशील, त्याची झेरॉक्स त्याच दिवशी घरी आण.